परदेशात तैनात असलेल्या फौजेला डिझेल कोण पोचवतं?

कोरेगावची_लेक

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे, एएससीमध्ये, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी दक्षिण सुदानला जाणाऱ्या तुकडीत त्याचं नाव लागलंय. काम वाहतुकीचं. घरात प्रत्येकजण विचारतो, तिथं गोळीबार असतो का? तो म्हणतो, तिथल्या जुन्या लोकांशी बोललो तर सगळे आधी रस्त्याचं आणि डिझेलचंच बोलतात.

मला हे नीट समजून घ्यायचंय. लेहला गाडी गेली तर रस्ता आपला, डेपो आपला. समुद्रापलीकडे काय करतात? इंधन भारतातून जातं का? पैसे कोण भरतं? वाटेत अडकलं तर? मराठीत यावर फारसं वाचायला मिळालं नाही. इथे सातारा-सांगलीचे बरेच माजी सैनिक आहेत, टँकरच्या धंद्यातलेही आहेत. कृपया सविस्तर लिहा. आईला वाचून दाखवणार आहे.

---

निवृत्त_सुभेदार_फलटण

ताई, भावाचं अभिनंदन. मी एएससीतूनच निवृत्त झालो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. लांबण लागेल, चालवून घ्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, भारतातून डिझेल जात नाही. शांतिसेनेत गाड्या, शस्त्रं, तंबू, जनरेटर असं सामान ज्या-त्या देशाचं असतं आणि त्याचं भाडं संयुक्त राष्ट्रं त्या देशाला देतात. इंधन, रेशन आणि पाणी मात्र संयुक्त राष्ट्रं पुरवतात. त्यासाठी मोठ्या कंपन्यांना ठेका दिलेला असतो. ठेकेदाराने तेल विकत घ्यायचं, साठवायचं, कॅम्पपर्यंत आणायचं. तुकडीने ते मोजून घ्यायचं आणि लिटरन् लिटरचा हिशेब ठेवायचा. कुठली गाडी किती चालली, कुठला जनरेटर किती तास चालला, सगळं रजिस्टरमध्ये आणि आता संगणकातही. हिशेब जुळला नाही तर उत्तर द्यावं लागतं.

आता दक्षिण सुदानचं बघा. त्या देशात जमिनीखाली तेल आहे, सरकारची जवळजवळ सगळी कमाई त्यावरच. पण ते कच्चं तेल पाइपलाइनने उत्तरेला सुदानमधून पोर्ट सुदान बंदराला जातं आणि तिथून परदेशी. देशाला समुद्रकिनारा नाही. गाडीत घालायचं डिझेल बहुतांश केनियाच्या मोंबासा बंदरावर उतरतं, मग नैरोबी, युगांडा आणि निमुले नाक्यावरून जुबाला येतं. दीड हजार किलोमीटरहून जास्त रस्ता, दोन सीमा. निमुले ते जुबा हा १९२ किलोमीटरचा रस्ता २०१२ मध्ये डांबरी झाला, त्याआधी तोही कच्चाच. म्हणजे तेलाच्या विहिरींच्या शेजारी उभं राहून आपण दुसऱ्या देशाच्या बंदरावरून आलेलं डिझेल भरतो.

जुबाला आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. खरी कसोटी जुबाच्या पुढे. बोर, मलाकाल या भागात आपल्या तुकड्या राहिल्या आहेत. मे महिन्याच्या आसपास पाऊस धरतो तो थेट नोव्हेंबरपर्यंत, आणि देशातले बहुतेक रस्ते बंद होतात. त्या काळात नाईल नदीतून बार्ज (सपाट बुडाची मालवाहू बोट), नाहीतर विमान किंवा हेलिकॉप्टर. बार्ज सावकाश जातं आणि काठावरून अडवलं जाऊ शकतं. हेलिकॉप्टर स्वतःच इतकं इंधन पितं की त्यातून डिझेल नेणं म्हणजे शेवटचा उपाय. म्हणून कोरड्या दिवसांत साठा करून ठेवायचा. आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्याआधी साठा करतात, तीच शिस्त. फक्त तिथं बर्फाऐवजी चिखल.

आणि कॉन्व्हॉयला, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याला, संरक्षण लागतं. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्याला संरक्षण देताना आपले पाच जण शहीद झाले. बरोबरचे नागरी कर्मचारीही मारले गेले. हे आईंना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून लपवत नाही.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कॅम्पात डिझेलचा मोठा वाटा गाड्या पीत नाहीत, जनरेटर पितात. वीज नाही म्हणजे पाणी शुद्ध होत नाही, रेशनचा कोल्ड स्टोअर बंद, दवाखान्यातलं मशीन बंद, वायरलेस बंद. गाडी दोन दिवस उभी ठेवता येते. जनरेटर तसा ठेवता येत नाही.

---

टँकरवाला_पलूस

सुभेदार साहेब, लई चांगलं लिहिलंय. मी सैन्यात न्हवतो, पण हजारवाडीच्या डेपोतनं टँकर भरून गावोगावच्या पंपावर खाली करण्यात उमर गेली. ताई, मी मापाचं सांगतो, कारण भावाला त्याचाच त्रास होणार.

डिझेल तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं. एका अंशाला हजार लिटरमागं पाऊण-एक लिटरचा फरक पडतो. वीस हजार लिटरचा टँकर चाळीस अंशात भरला आणि वीस अंशात खाली केला तर सव्वातीनशे लिटर कमी भरतं. चोरी कुणी केली नाही, सांडलं नाही, तरी शॉर्टेज दिसतं. म्हणून आमच्या धंद्यात डेन्सिटी पंधरा अंशाला धरून काढतात. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता. नुसती डिप, म्हणजे मापाची काठी, टाकून मोजणारा माणूस हमखास भांडणात सापडतो. तिकडं मोंबासाला दमट उन्हात भरलेला माल नैरोबीच्या थंड उंचीवरनं जाऊन पुन्हा जुबाच्या उन्हात. एवढे चढउतार झाल्यावर चलनावरचा (मालासोबतच्या पावतीवरचा) आकडा आणि टाकीतला आकडा जुळणार कसा? तक्ता वापरल्याशिवाय जुळत नाही.

दुसरं पाणी. टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या हवेतली वाफ रात्री गार होऊन आत ठिबकते. पाणी जड, तळाला बसतं. दमट मुलखात त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या मधल्या थरात जिवाणू वाढतात, काळसर शेवाळासारखा गाळ होतो, आणि फिल्टर चोंदतो. डिझेल टाकीत आहे पण इंजिन चालत नाही, असा प्रकार. टाकी होईल तेवढी भरलेली ठेवावी आणि तळाचं पाणी रोज काढावं.

साहेबांनी चिखलाचं लिहिलं. तिकडची माती पण आपल्यासारखी काळी कापशी म्हणतात. मग मला सांगायला नको. आमच्या कृष्णाकाठच्या रानात पावसाळ्यात ऊस भरलेला ट्रॅक्टर रुतला की दुसरा ट्रॅक्टर लावून पण निघत नाही. भरलेला टँकर तर आतलं तेल हिंदकळत असतंय, वळणावर सगळं वजन एका बाजूला येतं. माझ्या मते फौजेतल्या सगळ्या गाड्यांत टँकर चालवणं सगळ्यात अवघड.

---

वाईचा_वाचक

अतिशय उपयुक्त धागा. थोडी इतिहासाची भर घालतो, कारण सातारा जिल्ह्याचा या विषयाशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे.

अपशिंगे मिलिटरी हे आपलं गाव. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. त्या युद्धात मराठा पलटणी मोठ्या संख्येने जिथे लढल्या तो मुलूख म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओला जी फौज उतरली त्यात ११७ वी मराठा पलटण होती. ती तिथे उतरण्याचं एक मोठं कारण म्हणजे जवळचा अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना. तो १९१२ पासून चालू होता आणि ब्रिटिश आरमार तेव्हा कोळशाकडून तेलाकडे वळत होतं. म्हणजे आपल्या भागातली पोरं तेल राखायला परमुलखात गेली, त्याला आता एकशे दहा वर्षं उलटली.

त्या मोहिमेचं पुढं जे झालं तेही पुरवठ्यामुळेच. फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे सरकत गेली आणि मागे बसऱ्याला जहाजं माल उतरवायला जागा नाही म्हणून खोळंबली. उथळ नदीत चालतील अशा बोटी फारच थोड्या. शेवटी पुणे डिव्हिजन टायग्रिसकाठच्या कूत गावात वेढली गेली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ ला शरण आली. सोडवायला आलेली कुमकही त्याच अपुऱ्या बोटींवर अवलंबून होती.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांकडे पेट्रोल पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांत यायचं. ट्रकच्या धक्क्यांनी सांधे उसवायचे आणि बराचसा माल वाळूत जिरायचा. जर्मनांचा २० लिटरचा डबा मात्र जाड पत्र्याचा, दोन अर्धे वेल्डिंग करून जोडलेला, झाकणाला खटका, वर तीन मुठी. मुठी तीन अशासाठी की एका माणसाला एका हातात दोन रिकामे डबे धरता यावेत आणि भरलेला डबा दोघांना मिळून उचलता यावा. आत थोडी हवा राहते म्हणून भरलेला डबा पाण्यावर तरंगतो. ब्रिटिशांनी हाती लागलेले डबे वापरले आणि मग जसेच्या तसे बनवले. आपण आजही जेरीकॅन म्हणतो तो हाच. सियाचीनला रॉकेल ज्यातून वर चढतं तो याच घराण्यातला.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये अमेरिकन फौज इतकी वेगाने पुढे गेली की पेट्रोल मागे पडलं. बंदरावरून आघाडीपर्यंत ट्रकची अखंड रांग लावली, रेड बॉल एक्सप्रेस. २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत चालली. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. एवढं करूनही महिनाअखेर अमेरिकन सेनापती पॅटनचे रणगाडे उभे राहिले. शत्रूने थांबवले नव्हते, टाक्या रिकाम्या होत्या. आणि तुटवड्याचं एक कारण तर पेट्रोल नव्हतंच, रिकामे जेरीकॅन परत येत नव्हते हे होतं.

---

माणदेशी_माणूस

वाईकर, छान माहिती. एक शंका. ट्रक, चालक, हल्ले एवढा व्याप करण्यापेक्षा पाइपलाइन का टाकत नाहीत?

---

वाईचा_वाचक

टाकली आहे की. नॉर्मंडीच्या स्वारीनंतर इंग्लिश खाडीच्या तळातून नळ टाकले होते. आपल्या पूर्वेला तर मोठं उदाहरण आहे: ब्रह्मदेशाच्या मोहिमेत आसामच्या लेडोपासून रस्त्याकडेने चार इंची नळ टाकत मित्चिनापर्यंत आणि पुढे चीनमधल्या कुनमिंगपर्यंत नेला. डोंगर, जंगल, पाऊस यांतून. पण नळ टाकायला महिने लागतात, दर काही मैलांवर पंप लागतो, पंपाला माणसं आणि पहारा. फौज एका जागी किंवा एका रस्त्यावर बराच काळ राहणार असेल तरच परवडतं. लहान लहान तुकड्या विखुरल्या असतील तर शेवटी टँकरच.

---

मिरजेचा_अभियंता

खर्चाच्या बाजूने लिहितो, कारण ताईंनी पैसे कोण भरतं असं विचारलं होतं.

या विषयावर सर्वांत जास्त आकडे अमेरिकेने अफगाणिस्तानच्या काळात जाहीर केले. २००९ मध्ये त्यांच्या संसदेत सांगितलं गेलं की दुर्गम ठाण्यावर एक गॅलन इंधन पोचवण्याचा खर्च ४०० डॉलरपर्यंत जातो. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. हा तेलाचा भाव नव्हे. तेल त्यांनी दोन-तीन डॉलरलाच घेतलं होतं. बाकी सगळा पैसा टँकर, त्याला संरक्षण देणारी चिलखती गाडी, त्या गाडीचं इंधन, वर उडणारं हेलिकॉप्टर, त्याचं इंधन, आणि हे सगळं सांभाळणाऱ्या माणसांचा. सुरुवातीला भाव कमी असतो, शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये तो कितीतरी पटींनी चढतो.

माणसांचा हिशेब त्याहून वाईट. अमेरिकी लष्कराच्या एका अभ्यासात निघालं की २००७ मध्ये अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मारला जात होता किंवा जखमी होत होता. त्यांचे जनरल मॅटिस यांनी इंधनाच्या दावणीतून आम्हाला सोडवा, या अर्थाची मागणी इराकच्या मोहिमेनंतर केली होती. त्यातून मग तंबूंवर फोमचा थर फवारणं, सौर पॅनेल, कमी पिणारे जनरेटर हे सुरू झालं. तंबूवर फवारा मारायचं काम कुणाला शौर्याचं वाटणार नाही, पण एसी कमी चालला, जनरेटर कमी चालला, तेवढे टँकर कमी आले, तेवढी माणसं रस्त्यावर कमी उतरली. या सगळ्या साखळीत मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

वाट अडली तर काय, याचं उत्तरही तिथेच आहे. त्यांचा माल कराचीला उतरून तोरखम आणि चमन या दोन नाक्यांवरून जायचा. २६ नोव्हेंबर २०११ ला सीमेवरच्या सलाला चौकीवर नाटोच्या हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले आणि पाकिस्तानने दोन्ही वाटा बंद केल्या. त्या जुलै २०१२ पर्यंत बंद होत्या. फौज थांबली नाही, कारण रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तानमधून रेल्वेने येणारी उत्तरेची वाट आधीच तयार ठेवली होती. पण महिन्याला सुमारे दहा कोटी डॉलर जादा मोजावे लागले.

आपल्याकडे २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ सांगली फाट्यावर महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा कोल्हापुरात पंप कोरडे पडले आणि उरलेलं तेल रुग्णवाहिका, बचावपथकं यांच्यासाठी राखून ठेवावं लागलं. आपला देश, आपलाच डेपो, शत्रू कुणी नाही, तरी एक रस्ता बंद झाल्यावर ही गत. परक्या देशाच्या मर्जीवर चालणारी वाट असेल तर दुसरी वाट तयार असायलाच हवी.

---

आरमारी_सातारकर

नौदलातून निवृत्त. जमिनीवरचं वर आलंच आहे, समुद्रावरचं थोडक्यात.

भर समुद्रात तेल घेताना टँकर जहाज आणि युद्धनौका एकाच दिशेला, एकाच वेगाने, तीस ते पन्नास मीटर अंतर ठेवून चालतात. मध्ये ताणलेल्या तारेवरून होज जातो. दोन जहाजांच्या मधल्या पाण्याला ओढ असते, सुकाणूवरच्या माणसाचं क्षणभर दुर्लक्ष परवडत नाही. आपल्याकडे यासाठी ज्योती, दीपक, शक्ती ही जहाजं आहेत. २००८ पासून एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्त सतत चालू आहे, ती अशाच पुरवठ्यावर.

दुसरा मार्ग करारांचा. २०१६ मध्ये भारत-अमेरिका यांच्यात परस्पर रसद पुरवठ्याचा करार झाला. सप्टेंबर २०२० मध्ये अरबी समुद्रात आयएनएस तलवारने अमेरिकन टँकर युकॉनकडून इंधन घेतलं ते त्याच करारानुसार. पैसे नंतर चुकते होतात. मित्रदेशाच्या टँकरला होज जोडता यावा यासाठी कपलिंगचं (होजच्या जोडाचं) मापही जुळावं लागतं, नुसती सही पुरत नाही.

हवेतलं उदाहरण द्यायचं तर १९८२ चं फॉकलंड बेटांवरून झालेलं ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध. असेन्शन बेटावरून सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर एकच व्हल्कन विमान २१ बॉम्ब टाकायला न्यायचं होतं, त्यासाठी ११ व्हिक्टर टँकर विमानं उडवावी लागली. टँकरने टँकरला इंधन द्यायचं आणि त्याने बॉम्बफेकी विमानाला. एवढ्या खटाटोपानंतर धावपट्टीवर एक बॉम्ब पडला.

---

माणदेशी_माणूस

हे वाचून वाटतं, संयुक्त राष्ट्रांची पद्धत बरी. ठेकेदाराला काम दिलं की फौज मोकळी. टँकर आला तर पैसे, नाही आला तर दंड. आपला जवान कशाला त्यात गुंतवायचा?

---

टँकरवाला_पलूस

दादा, राग मानू नका, पण इथं मी गप्प बसू शकत न्हाई. ठेकेदाराचा टँकर कोण चालवतं? माझ्यासारखा माणूस. केनियाचा, युगांडाचा, पाकिस्तानचा, अफगाणिस्तानचा. त्याच्या अंगावर वर्दी नाही, हातात हत्यार नाही. बुडाखाली हजारो लिटर जळणारा माल. नाका बंद झाला की महिनोन्महिने रस्त्याकडेला. २०११ ला पाकिस्तानात अडकून पडलेल्या टँकरांना आगी लावल्या, त्यात कुणाचं तरी कर्जाचं वाहन जळालं. जवान गेला तर गावात स्तंभ होतो, आणि झालाच पाहिजे. टँकरवाला गेला तर कुठल्या यादीत येतो? दंडाची भाषा ठेकेदाराला लागू पडते. ड्रायव्हरला पगार मिळतो तो खेपेवर, म्हणून तो धोका दिसत असताना पण निघतो.

---

निवृत्त_सुभेदार_फलटण

टँकरवाले दादा, शब्दन् शब्द पटला. आणि फौज मोकळी होते हेही खरं नाही. रस्ता धोक्याचा असेल तर त्या टँकरसोबत आपलाच एस्कॉर्ट जातो. माल आला की मोजून, तपासून घेणं आपलंच. ठेकेदार चुकला तर कॅम्प अंधारात आपला जातो. ठेक्यामुळे फक्त खरेदी आणि गाड्या दुसऱ्याच्या अंगावर जातात, जबाबदारी तिथेच राहते. अफगाणिस्तानात चोरीही प्रचंड झाली. अमेरिकेच्याच सरकारी तपासनीसांनी २०१८ मध्ये सांगितलं की किमान पंधरा कोटी डॉलरचं इंधन चोरीला गेलं. ज्या गावातून रस्ता जातो तिथल्या बलदंडांना हप्ता, कागदावर पोचलेले आणि प्रत्यक्षात न पोचलेले टँकर, सगळं त्यात आलं. ते इंधन पुन्हा शत्रूच्या गाडीतही जातं. म्हणून मोजणाऱ्या शिपायाची नोंदवही ही संरक्षणाचीच गोष्ट आहे.

ठेकेदाराच्या चालकांशी कसं वागायचं हेही मी पोरांना नेहमी सांगत आलो. कॅम्पात आला की आधी पाणी, जेवण, झोपायला जागा. पुढचा रस्ता कसा आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. गुप्त वार्ता वगैरे नंतर.

---

कोरेगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, २०१३ चंसुद्धा. ती म्हणाली, माहीत असलेलं बरं. भावालाही धागा पाठवला. त्याचा प्रश्न आहे: कॅम्पात टँकर आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात नेमकं काय बघायचं? त्याच्या प्रशिक्षणात शिकवतीलच, पण तुमच्या अनुभवातून हवंय.

---

टँकरवाला_पलूस

सांगतो ताई.

टँकर आल्या आल्या झाकण उघडू नये. सपाट जागेवर उभा करून थोडा वेळ थांबायचं, हिंदकळलेला माल बसू द्यायचा. तेवढ्या वेळात सीलचे नंबर चलनाशी ताडून बघायचे. एखादा आकडा जरी इकडं-तिकडं असला तरी पाइप जोडायचा नाही. अर्थिंगची तार लावायची, आग विझवायचा सिलिंडर हाताशी.

मग डिप रॉडच्या टोकाला पाणी शोधायची पेस्ट लावून प्रत्येक चेंबरच्या तळाला टेकवायची. रंग बदलला तर तळात पाणी आहे. काचेच्या बरणीत नमुना काढून उजेडात धरायचा. स्वच्छ, पारदर्शक दिसलं पाहिजे, गढूळ नको, तळाला कण नकोत. डेन्सिटी काढून चलनावरच्या आकड्याशी लावायची. रॉकेल मिसळलं असेल तर तिथंच कळतं. एक नमुना सील करून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवून द्यायचा. उद्या वाद झाला तर तोच कामाला येतो.

खाली करून झाल्यावर टँकरवर चढून प्रत्येक चेंबरमध्ये स्वतः बघायचं. काही जण आत चोरकप्पा करतात, तळाला शेदोनशे लिटर राहतं आणि गाडी रिकामी म्हणून निघून जाते. टँकर उतारावर उभा असला तरी मागं माल राहतो.

आणि भावाला सांगा, ड्रायव्हरच्या समोर मोजायचं, पाठीमागं न्हाई.